नकाशा खोटा की तक्ता?

इयत्ता आठवीचा भूगोलाचा तास होता. फळ्याशेजारच्या खिळ्याला जगाचा मोठा नकाशा टांगलेला होता. खंडे आणि त्यांची क्षेत्रफळे हा पाठ चालू होता. तास थोडा रंगावा म्हणून मी सहज विचारले, "ग्रीनलँड मोठे की भारत?"

सगळ्या वर्गाने नकाशाकडे पाहिले आणि एका सुरात उत्तर दिले, "ग्रीनलँड!"

खरे सांगायचे तर त्या क्षणी माझेही उत्तर तेच होते. इतकी वर्षे मी त्याच नकाशासमोर उभा राहून शिकवत होतो. पण तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हात वर करून उभी राहिली. तिच्या हातात शाळेचाच नकाशासंग्रह होता आणि तिने त्याचे शेवटचे पान उघडले होते.

"सर, नकाशात ग्रीनलँड भारताच्या कितीतरी पट दिसते. पण इथल्या तक्त्यात ग्रीनलँडचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौ. कि.मी. दिले आहे आणि भारताचे सुमारे ३२ लाख ८७ हजार. म्हणजे भारतच दीडपट मोठा! मग नकाशा खोटा की तक्ता?"

वर्ग हसला. कोणीतरी म्हणाले, "छापखान्याची चूक असेल." मलाही तसेच म्हणून पुढे जाण्याचा मोह झाला, पण मी "उद्या सांगतो" एवढेच म्हटले. शाळा सुटल्यावर कपाटावरचा पृथ्वीगोल काढला, धूळ झटकली आणि ग्रीनलँडवर पातळ ट्रेसिंग कागद ठेवून त्याची आकृती काढून घेतली. ती कापून त्याच गोलावरील भारतावर ठेवली. ग्रीनलँडने भारत झाकला गेला नाही. बराच भाग उघडा राहिला. तक्ता बरोबर होता.

पण आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो कागद गोलाला नीट चिकटत नव्हता. कडेला सारख्या चुण्या पडत होत्या. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या चुण्यांतच होते. पुढचे तीन तास आम्ही त्याच उत्तरामागे होतो. विद्यार्थी मित्रांनो, ते तीन तास येथे थोडक्यात मांडतो.

संत्र्याची साल

एक संत्रे घ्या. त्यावर बॉलपेनने विषुववृत्त काढा, चार-सहा रेखावृत्ते काढा आणि जमेल तसे खंड रेखाटा. आता साल शक्य तितकी अखंड सोलून पाटावर ठेवा आणि तळहाताने दाबून सपाट करा. काय होते? साल कडेला फाटते. फाटू द्यायची नसेल तर ती कोठेतरी ताणावी लागेल किंवा कोठेतरी दुमडावी लागेल. चौथा मार्ग नाही.

आता एका कागदाची नळी करा आणि तिच्यावर काहीही चित्र काढा. नळी उलगडली की कागद पूर्ववत सपाट होतो. चित्रातील एकही अंतर बदलत नाही. कागदाच्या शंकूचेही तसेच. गोलाचे मात्र तसे होत नाही. गोलाचा पृष्ठभाग सर्व अंतरे कायम ठेवून सपाट करताच येत नाही, हे जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८२७ साली गणिताने सिद्ध केले. म्हणजे हा नकाशा काढणाऱ्याच्या कौशल्याचा प्रश्न नाही. कितीही हुशार माणूस बसवला तरी पूर्णपणे निर्दोष सपाट नकाशा निघणार नाही.

गावाचा किंवा तालुक्याचा नकाशा असेल तर हा दोष इतका सूक्ष्म असतो की तो मोजणेही कठीण. अख्ख्या जगाचा नकाशा काढताना मात्र तो लपवता येत नाही.

पृथ्वीगोलावर चार गोष्टी एकाच वेळी बरोबर असतात : प्रदेशाचा आकार, त्याचे क्षेत्रफळ, दोन ठिकाणांमधील अंतर आणि दिशा. गोलावरची अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते यांची जाळी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीला प्रक्षेपण म्हणतात. प्रत्येक प्रक्षेपणात या चारांपैकी काही सांभाळायचे आणि काही सोडायचे असा व्यवहार करावा लागतो. विशेषतः, संपूर्ण नकाशावर आकार आणि क्षेत्रफळ ही दोन्ही एकदम शुद्ध ठेवणे अशक्य आहे. एक धरले की दुसरे सुटते.

मग आमच्या भिंतीवरच्या नकाशाने काय धरले होते आणि काय सोडले होते?

साठाव्या अक्षवृत्तावर

त्या नकाशाच्या खाली बारीक अक्षरात 'मर्केटर प्रक्षेपण' असे छापले होते. ते कसे तयार होते ते पाहू.

विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,००० कि.मी. आहे. उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जावे तशी अक्षवृत्ते लहान होत जातात. किती लहान? पृथ्वीच्या केंद्रापासून अक्षवृत्तावरील एखाद्या बिंदूपर्यंत त्रिज्या काढा. त्याच बिंदूपासून पृथ्वीच्या आसावर लंब टाका. हा लंब म्हणजे त्या अक्षवृत्ताची त्रिज्या. जो काटकोन त्रिकोण तयार होतो त्यावरून दिसते की अक्षवृत्ताची त्रिज्या म्हणजे पृथ्वीची त्रिज्या गुणिले अक्षांशाचा कोसाइन. ६०° चा कोसाइन बरोबर अर्धा असतो. म्हणून ६०° अक्षवृत्ताचा परीघ सुमारे २०,००० कि.मी., म्हणजे विषुववृत्ताच्या निम्मा.

आता भिंतीवरचा नकाशा पाहा. तो आयताकृती आहे. त्यावर विषुववृत्ताची रेषा जेवढी लांब, तेवढीच ६०° अक्षवृत्ताची रेषाही लांब! याचा अर्थ, ६०° अक्षांशावरचा प्रत्येक प्रदेश पूर्व-पश्चिम दिशेने दुप्पट ताणला गेला आहे.

नुसते एवढेच केले असते तर तिकडचे सगळे देश रुंद आणि चपटे दिसले असते. वर्तुळाकार तळे लंबगोल झाले असते. आकार बिघडू नये म्हणून मर्केटरने काय केले? ज्या ठिकाणी पूर्व-पश्चिम ताण दुप्पट, त्या ठिकाणी उत्तर-दक्षिण ताणही दुप्पट केला. त्यामुळे लहान प्रदेशाचा आकार शुद्ध राहिला, पण क्षेत्रफळ दोन गुणिले दोन म्हणजे चौपट झाले. अक्षांश वाढेल तशी ही वाढ कशी होते ते पुढे दिले आहे. पहिला आकडा लांबी-रुंदीतील वाढीचा आणि दुसरा क्षेत्रफळातील वाढीचा आहे.

०° : १ पट, १ पट
२०° : १.०६ पट, १.१३ पट
४०° : १.३१ पट, १.७० पट
६०° : २ पट, ४ पट
७०° : २.९२ पट, ८.५५ पट
८०° : ५.७६ पट, ३३.२ पट

९०° चा कोसाइन शून्य आहे. शून्याने भागता येत नाही. म्हणून मर्केटरच्या नकाशावर ध्रुव दाखवताच येत नाहीत. तो कोठेतरी कापावाच लागतो.

आता ग्रीनलँडचे कोडे सुटते. भारताची मुख्यभूमी साधारण ८° ते ३७° उत्तर या पट्ट्यात आहे. तेथे फुगवटा थोडा. ग्रीनलँड साधारण ६०° पासून ८३° च्याही पुढे पसरले आहे; तेथे क्षेत्रफळ चौपटीपासून तेहेतीस पटींच्याही वर फुगते. म्हणूनच नकाशात ते जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका ३ कोटी चौ. कि.मी.हून मोठी, म्हणजे ग्रीनलँडच्या सुमारे चौदा पट आहे!

येथे एक सूचना. काचेच्या गोलात दिवा लावला, भोवती कागदाची नळी गुंडाळली आणि गोलाची सावली नळीवर पडली की मर्केटरचा नकाशा होतो, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते बरोबर नाही. तशा सावलीत उत्तर-दक्षिण ताण पूर्व-पश्चिम ताणापेक्षा जास्त होतो आणि आकार बिघडतो. मर्केटरचा नकाशा सावलीने नव्हे, हिशोबाने तयार होतो.

खलाशांचा नकाशा

मग असा नकाशा मर्केटरने काढलाच कशासाठी? आमच्या वर्गात कोणी म्हणाले, "युरोप मोठा दाखवण्यासाठी." पण इतिहास काही वेगळे सांगतो.

गेरार्डस मर्केटर याचा जन्म १५१२ साली आजच्या बेल्जियममधील रुपेलमोंड या गावी झाला. पृथ्वीगोल, नकाशे आणि मापनाची उपकरणे तयार करणे हा त्याचा व्यवसाय. १५४४ साली धर्मविरोधी मतांच्या संशयावरून त्याला काही महिने तुरुंगातही काढावे लागले. १५५२ साली तो जर्मनीतील ड्युइसबर्ग येथे गेला आणि तेथेच १५६९ साली त्याने जगाचा तो प्रसिद्ध नकाशा छापला. अठरा तावांचा हा नकाशा जोडल्यावर सुमारे दोन मीटर रुंद होत असे. नकाशांच्या पुस्तकाला आपण 'ॲटलस' म्हणतो, ते नावही त्याचेच. त्याच्या मृत्यूनंतर १५९५ साली प्रसिद्ध झालेल्या नकाशासंग्रहाला ते नाव दिलेले होते.

त्या काळी युरोपातील जहाजे महासागर ओलांडू लागली होती. भर समुद्रात खलाशाजवळ दिशा कळण्याचे मुख्य साधन म्हणजे होकायंत्र. सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे उत्तरेशी एक ठरावीक कोन धरायचा आणि तोच कोन राखत जात राहायचे. पण गोलावर असा मार्ग सरळ नसतो. तो प्रत्येक रेखावृत्ताला त्याच कोनात छेदत, वळत वळत ध्रुवाकडे सरकतो. हे पोर्तुगीज गणितज्ञ पेद्रो नुनेस याने १५३७ साली दाखवून दिले होते. जुन्या नकाशांवर हा वळणारा मार्ग काढणे फार किचकट होते.

मर्केटरने प्रश्न उलटा केला. हा मार्ग सरळ रेषेत येईल असाच नकाशा काढला तर? त्यासाठी सर्व रेखावृत्ते समांतर उभी हवीत आणि प्रत्येक ठिकाणी कोन शुद्ध हवा; म्हणजे दोन्ही दिशांचा ताण सारखा हवा. आपण वर पाहिलेला नकाशा नेमका हाच. खलाशाने निघण्याचे बंदर आणि पोहोचण्याचे बंदर यांना जोडणारी सरळ रेषा पट्टीने काढायची, तिचा उत्तरेशी होणारा कोन मोजायचा आणि त्या दिशेने जहाज हाकारायचे. हा नकाशा खलाशांच्या उपयोगासाठी आहे, हे मर्केटरने त्याच्या नावातच लिहून ठेवले होते.

अक्षवृत्तांमधील अंतरे नेमकी किती वाढवायची याचे गणित त्याने सांगितले नव्हते. ते काम एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने केले. कोसाइनचा व्यस्त म्हणजे सीकंट. विषुववृत्तापासून थोड्या थोड्या अंतराने सीकंटच्या किमती मिळवत जाऊन त्याने तक्ते तयार केले आणि १५९९ साली ते प्रसिद्ध केले. त्यानंतर हा नकाशा कोणालाही अचूक काढता येऊ लागला.

सरळ रेषा म्हणजे जवळचा मार्ग नव्हे

वर्गातल्या एका मुलाने शंका काढली, "सर, मग सरळ रेषेने गेले की सर्वांत जवळचा मार्ग मिळत असेल ना?"

नाही. गोलावर सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्तावरून जातो. ज्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते, ते बृहद्‌वृत्त. गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की तो आपोआप बृहद्‌वृत्तावर येतो.

रशियातील सेंट पीटर्सबर्ग आणि अलास्कातील अँकरेज ही शहरे घ्या. पहिले सुमारे ६०° उत्तर व ३०° पूर्व येथे, तर दुसरे सुमारे ६१° उत्तर व १५०° पश्चिम येथे. दोघांच्या रेखांशांत १८०° चे अंतर आहे, म्हणजे ती ध्रुवाच्या बरोबर दोन बाजूंना आहेत. भिंतीवरच्या नकाशावर ती जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर दिसतात. त्या रेषेने, ६०° अक्षवृत्ताच्या कडेकडेने गेलो तर २०,००० कि.मी. परिघाच्या निम्मे, म्हणजे सुमारे १०,००० कि.मी. जावे लागेल. पण ध्रुवावरून सरळ गेलो तर? पहिल्या शहरापासून ध्रुव ३०° दूर, ध्रुवापासून दुसरे शहर २९° दूर. एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी.; म्हणून ५९ गुणिले १११ म्हणजे सुमारे ६,५५० कि.मी. साडेतीन हजार कि.मी.ची बचत! आणि हा जवळचा मार्ग मर्केटरच्या नकाशावर काढताच येत नाही, कारण त्यावर ध्रुवच नाही.

भिंतीवर आला तेव्हा

तेव्हा मर्केटरचा नकाशा खोटा नव्हता. ज्या कामासाठी काढला ते काम तो चोख करत होता. घोटाळा झाला तो नंतर. दिशांचा हा नकाशा पुढे शाळांच्या भिंतींवर, पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत जगाचे सर्वसाधारण चित्र म्हणून येऊ लागला. आयताकृती असल्याने तो कागदावर नीट बसत असे. आणि पाहणारा त्यावरून दिशा नव्हे, तर देशांचे आकारमान शिकू लागला.

हे नुकसान लहान नाही. गोलाच्या पृष्ठभागाचे गणित सांगते की ३०° उत्तर आणि ३०° दक्षिण यांच्यामधील पट्ट्यात पृथ्वीचा बरोबर निम्मा पृष्ठभाग येतो. भारताचा बहुतेक भाग, जवळजवळ सगळी आफ्रिका, आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिकेचा मोठा भाग या पट्ट्यात आहे. पण ८०° उत्तर ते ८०° दक्षिण असा मर्केटरचा नकाशा काढला तर या निम्म्या पृथ्वीला नकाशाची जेमतेम साडेबावीस टक्के जागा मिळते! उरलेली सारी जागा दुसऱ्या निम्म्याकडे जाते.

घरातलेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौ. कि.मी. आणि उत्तर युरोपातील फिनलंडचे सुमारे ३ लाख ३८ हजार. म्हणजे फिनलंड आपल्या राज्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी मोठा. पण महाराष्ट्र १९° अक्षांशाच्या आसपास आणि फिनलंड ६४° च्या आसपास. मर्केटरच्या नकाशावर महाराष्ट्र १.१२ पट फुगतो, तर फिनलंड सुमारे ५.२ पट. गुणाकार करून पाहा : नकाशावर फिनलंड महाराष्ट्राच्या पाचपट दिसेल. तसेच रशिया आफ्रिकेपेक्षा मोठा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका रशियाच्या पावणेदोन पटींहून थोडी अधिकच आहे.

अभ्यासातही यामुळे चूक होते. लोकसंख्येचा टिंबांचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. एक टिंब म्हणजे अमुक लाख माणसे. समजा, विषुववृत्तावरील एका प्रदेशात आणि ६०° वरील दुसऱ्या प्रदेशात क्षेत्रफळ सारखे, माणसेही सारखी. मर्केटरच्या नकाशावर दुसऱ्या प्रदेशातील टिंबे चौपट जागेत पसरतील आणि लोकवस्ती एक चतुर्थांश विरळ भासेल. आकडे खरे, टिंबे खरी. पण डोळ्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा. जंगले, पिके, पाऊस असे वितरण दाखवताना हा नकाशा वापरू नये तो याचसाठी.

क्षेत्रफळ सांभाळणारे नकाशे

मग क्षेत्रफळ शुद्ध ठेवता येते का? येते. त्याची किल्ली आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवली होती. गोलाभोवती नेमकी बसणारी, गोलाएवढ्याच उंचीची वृत्तचिती घेतली तर तिच्या वक्र पृष्ठाचे क्षेत्रफळ गोलाच्या पृष्ठफळाएवढेच असते. तुम्ही सूत्रांनी पडताळू शकता : गोलाचे ४πr², आणि वृत्तचितीचे २πr गुणिले २r. गोलाचा कोणताही आडवा पट्टा घेतला तरी ही बरोबरी टिकते. या तत्त्वावरील सपाट नकाशा योहान लॅम्बर्ट याने १७७२ साली मांडला. त्यात ध्रुवांकडे जाताना अक्षवृत्ते एकमेकांजवळ येतात. ० ते ३०° चा पट्टा १० सें.मी. उंच असेल तर ३० ते ६०° चा सुमारे ७.३ सें.मी. आणि ६० ते ९०° चा केवळ २.७ सें.मी. क्षेत्रफळे शुद्ध, पण उत्तरेकडचे देश अगदी चपटे!

स्कॉटलंडच्या जेम्स गॉल याने १८५५ साली याच तत्त्वावर, पण ४५° अक्षांशावर आकार शुद्ध राहील असा नकाशा मांडला. १९७३ साली जर्मनीत आर्नो पीटर्स याने तसाच नकाशा नव्याने पुढे आणला आणि मर्केटरच्या नकाशाने गरीब देशांवर अन्याय केला आहे असे ठामपणे म्हटले. त्यावरून मोठा वाद झाला. पीटर्सचा एक मुद्दा खरा होता : क्षेत्रफळाबद्दलचा गैरसमज दूर व्हायलाच हवा. पण त्याच्या नकाशाने आकाराची किंमत मोजली होती. त्यात विषुववृत्ताजवळचे प्रदेश रुंदीच्या मानाने दुप्पट उंच ताणले जातात. आफ्रिका ओल्या कपड्यासारखी खाली लोंबताना दिसते.

म्हणून पुष्कळ नकाशाकारांनी मधला मार्ग शोधला. आर्थर रॉबिन्सनने १९६३ साली केलेल्या प्रक्षेपणात आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही थोडे थोडे बिघडतात, पण फार कोणतेच नाही. २०१८ साली तीन नकाशाकारांनी 'इक्वल अर्थ' नावाचे प्रक्षेपण तयार केले. त्यात क्षेत्रफळे शुद्ध आहेत आणि कडा गोलाकार ठेवल्याने खंडही ओळखीचे दिसतात. तरी ध्रुवाजवळ आकार चपटे होतातच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकी संघाने मर्केटरऐवजी आफ्रिकेचे खरे आकारमान दाखवणारे नकाशे वापरावेत, या मोहिमेला पाठिंबा दिला. वर्गातल्या एका नकाशाचा प्रश्न किती दूरवर पोहोचतो ते यावरून दिसेल.

याचा अर्थ मर्केटर निकामी झाला असा मात्र नाही. सागरी नकाशांत तो आजही वापरतात. मोबाइलवर रस्ते शोधताना जो नकाशा तुम्ही पाहता, तोही बहुधा मर्केटरच्याच पद्धतीचा असतो. कारण उघड आहे : दोन रस्ते चौकात काटकोनात मिळत असतील तर नकाशातही ते काटकोनातच दिसले पाहिजेत. तेथे आपल्याला कोन हवा असतो, देशाचे क्षेत्रफळ नव्हे.

प्रश्नाचे उत्तर

चौथ्या दिवशी मी त्या मुलीला पुन्हा उभे केले आणि विचारले, "सांग आता, नकाशा खोटा की तक्ता?"

ती थोडा विचार करून म्हणाली, "दोन्ही खरे, सर. आपण नकाशाला चुकीचा प्रश्न विचारला."

मी वर्गासमोर कबूल केले की हा चुकीचा प्रश्न मी स्वतः बरीच वर्षे विचारत होतो. त्या दिवसापासून आमच्या भिंतीवरच्या नकाशाखाली कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. अक्षर त्या मुलीचेच आहे : 'हा नकाशा दिशांसाठी आहे. आकारमानासाठी पृथ्वीगोल पाहावा.' पृथ्वीगोलही आता कपाटावर नसतो. तो टेबलावर, मुलांच्या हाताशी असतो. शिक्षक मित्रांनाही एवढेच सुचवावेसे वाटते की जगाचा नकाशा टांगताना शेजारी पृथ्वीगोल ठेवावा आणि नकाशाखालचे प्रक्षेपणाचे नाव मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

करून पाहा

१. मर्केटरची जाळी काढा. ३६ सें.मी. लांबीची आडवी रेषा म्हणजे विषुववृत्त, १ सें.मी. म्हणजे १०° रेखांश. तिच्यापासून वर, दर १०° अक्षांशासाठी अनुक्रमे १०, १०, ११, १२, १४, १८, २४ आणि ४० मि.मी. अंतर वाढवत ८०° पर्यंत आडव्या रेषा काढा. खालच्या बाजूलाही तसेच करा. नकाशासंग्रहातून अक्षांश-रेखांश पाहून या जाळीवर ग्रीनलँड आणि भारत काढा.

२. ग्रीनलँड व भारत यांच्यावर आलेख कागदाचे चौरस मोजून दोघांचे नकाशावरील क्षेत्रफळ काढा. ते तक्त्यातील खऱ्या क्षेत्रफळांशी ताडून पाहा.

३. पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा कोणकोणत्या देशांवरून जातो ते लिहा. मग भिंतीवरच्या नकाशावर याच दोन शहरांना पट्टीने जोडा. दोन्ही याद्यांत काय फरक पडतो?

४. घरी किंवा शाळेत जगाचे जेवढे नकाशे सापडतील त्या प्रत्येकावर ग्रीनलँड आणि आफ्रिका यांची तुलना करा. कोणत्या नकाशाने काय सांभाळले आहे आणि काय सोडले आहे, ते त्यावरून ओळखा.